सटवाईच्या दोन दिवस आधी

पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाट मांडतात. पाटावर कोरा कागद, शेजारी लेखणी, जवळ तेवता दिवा. घर झोपलं की सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. कुणी ही पूजा पाचव्या दिवशी करतं, कुणी सहाव्या. सकाळी कागद कोराच असतो, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. सटवाईचं अक्षर माणसाला वाचता येत नाही, एवढंच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत पाचवीच्या दोन दिवस आधी आणखी एक बाई कागद-पेन घेऊन त्याच खोलीत येते. खांद्याला पिशवी. पिशवीत काखेत लावायचा थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ, झोळीचा वजनकाटा, साबण, बॅटरी, घडी केलेलं छोटं ब्लँकेट. ती साबण लावून कोपरापर्यंत हात धुते, वाळू देते, मग बाजेजवळ टेकते. "का व, दूध पेते का बराबर?" हा तिचा पहिला प्रश्न. ती गावची आशा सेविका, सगळ्यांची आशाताई. तिसऱ्या दिवशी आली, की सातव्याला पुन्हा येणार. मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

३, ७, १४, २१, २८, ४२. पंचांगातून काढल्यासारखे हे आकडे. एकाच घरी सहा-सहा वेळा जायचं कशाला? दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी बाळ तपासलेलं असतं, वजन घेतलेलं असतं, लस दिलेली असते. त्यानंतर दहावी-बारावी शिकलेली गावातलीच एक बाई येऊन असं काय पाहणार, जे डॉक्टरांना दिसलं नाही?

उत्तर फार साधं आहे, आणि विचार करू लागलं की थक्क करणारं. तिला काल आणि आज यांतला फरक दिसतो.

बशीतला चहा

आधी बाळाकडे पाहू. नऊ महिने ते साधारण सदतीस अंश सेल्सिअसच्या उबदार पाण्यात होतं. बाहेर आलं ते ओलं. पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो आणि बशीत ओतलेला दोन फुंकरींत निवतो. बाळ म्हणजे बशीतला चहा. वजनाच्या मानाने त्याची कातडी फार, त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता तयार होते. नवजात बाळाला तसं कुडकुडता येत नाही. त्याच्याजवळ दुसरी सोय असते. खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेभोवती, मूत्रपिंडांजवळ तपकिरी रंगाची खास चरबी साठवलेली असते, आणि ती जाळून ते स्वतःला ऊब देतं. पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी भरलेल्या बाळाकडे हा साठा तुटपुंजा असतो. अशा बाळाला उघड्यावर आंघोळ घातली, की साठा संपायला वेळ लागत नाही.

थर्मामीटरवर साडेछत्तीस ते साडेसदतीस, एवढीच सुरक्षित पट्टी. एका अंशाची ही पट्टी यवतमाळसारख्या जिल्ह्यात सांभाळायची म्हणजे कसरत असते. डिसेंबरच्या पहाटे कुडाच्या भिंतीतून वारा आत शिरतो, आणि मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते. थंडीत बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायचं असतं. उन्हाळ्यात तेच दुपटं सैल करायचं आणि दूध वारंवार पाजायचं असतं. छातीशी बांधून ठेवण्याची ही रीत 'कांगारू पद्धत' म्हणून १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरातून जगभर गेली. तिथल्या इस्पितळात काचेच्या उबदार पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून आयांनाच पेटी केलं.

मग वजन. पहिल्या काही दिवसांत बाळ आपल्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा गमावू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत तो भरून काढतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी काट्यावर जन्माच्या वेळेपेक्षा कमी आकडा दिसला की आजी घाबरते, आशाताई घाबरत नाही. पण हाच आकडा चौदाव्या दिवशी दिसला, तर आजी निवांत असली तरी आशाताईने घाबरायला हवं. आकडा तोच असतो, दिवस बदलला की त्याचा अर्थ उलटतो. एकदाच वजन करणाऱ्याला हे कळायचा मार्गच नाही.

श्वासाचंही तसंच. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. भरभर दहा-बारा घेतं, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर उत्तर चुकतं, म्हणून पूर्ण मिनिटभर पोटाकडे नजर लावून मोजायचं. साठ किंवा अधिक आले, तर पुन्हा एकदा मोजायचं. पुन्हा साठच, तर दवाखाना.

गडचिरोलीची सात लक्षणं

हे सगळं कागदावर कुणी उतरवलं, हे शोधायला गेलं तर वाट यवतमाळहून पूर्वेला, चंद्रपूर ओलांडून गडचिरोलीत जाते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना त्यांच्यापुढे एक अडचण आली. गावातल्या दायांना बाळ हाताळण्याचा दांडगा अनुभव होता, पण साठपर्यंत मोजण्याची सवय नव्हती. मग एक साधं यंत्र तयार झालं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. अक्षर आणि आकडा, दोन्हींना वळसा घालून निदान गावात पोचलं.

पुढचा प्रश्न नवजात बाळांचा होता. ३९ गावांत १९९५-९६ या वर्षभरात ७६३ बाळांवर जन्मापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच स्त्रिया घरी जाऊन पाहत होत्या, नोंदी करत होत्या. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोचली होती शेकडा २.६. दवाखान्यात भरती झाली होती शेकडा ०.४.

बाकीची बाळं घरात होती. अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या शेजारी, ओव्याच्या धुरात. बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, बाळाला वारा लागू द्यायचा नाही, या रिवाजाने जणू एक भिंत उभी केली होती आणि दवाखाना तिच्या पलीकडे होता. मग त्या स्त्रियांनाच शिकवलं गेलं. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. त्याची सात लक्षणं ठरली. आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतं किंवा रडतच नाही. आधी नीट ओढणारं बाळ आता दूध ओढत नाही. बाळ सुस्त किंवा बेशुद्ध पडलं. अंग फार गरम किंवा फार गार झालं. बेंबीत किंवा कातडीवर पू झाला. जुलाब लागले, उलट्या थांबेनात किंवा पोट फुगलं. कण्हल्यासारखा श्वास, छातीला खळगा. यातली कुठलीही दोन एकाच वेळी दिसली, की उपचार सुरू.

पहिल्या दोन लक्षणांतला 'आधी' हा शब्द पुन्हा वाचा. क्षीण रडणं म्हणजे किती क्षीण, याचं माप जगातल्या कुठल्याच उपकरणावर नाही. प्रत्येक बाळाचं रडणं वेगळं असतं. एखाद्याचा आवाज मुळातच बारीक. माप एकच, त्याच बाळाचं आधीचं रडणं. म्हणजे हे निदान त्या बाळाकडे आधी येऊन गेलेल्या माणसालाच करता येतं. घरभेटीचं सगळं शास्त्र या एका शब्दात आहे.

निकाल डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. कामाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आलं. जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी आधी शंभरातली १६.६ बाळं जात होती, ती २.८ वर आली. खर्च बाळामागे सुमारे पाच डॉलर. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळांच्या घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ मध्ये भारताने हे काम देशभरातल्या आशांकडे सोपवलं. गडचिरोलीतल्या त्या प्रशिक्षित स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, इंजेक्शनही देत. राष्ट्रीय कार्यक्रमात आशांच्या वाट्याला मुख्यतः पाहणं, शिकवणं आणि वेळेवर पुढे पाठवणं आलं.

आकड्यांचं पंचांग

आता त्या आकड्यांचं कोडं सुटतं. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांत होतात, म्हणून सुरुवातीच्या भेटी जवळजवळ आणि मग आठवड्याच्या अंतराने. अठ्ठाविसाव्या दिवशी वैद्यकाच्या व्याख्येनुसार बाळ 'नवजात' राहत नाही. बेचाळिसावा दिवस आईचा; गर्भाशय मूळ आकारावर यायला साधारण सहा आठवडे लागतात.

आपल्या रीतींचं कॅलेंडरही जवळजवळ असंच आहे. पाचवी, बारावा दिवस, सव्वा महिना. पाचवी-सहावीच्या पूजेची चाल रुजली ती अशा काळात, जेव्हा पहिला आठवडा ओलांडणं हीच बाळाची पहिली परीक्षा होती. गंजक्या विळ्याने कापलेल्या नाळेतून शिरलेला धनुर्वात याच दिवसांत डोकं वर काढायचा. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि नाळेसाठी स्वच्छ ब्लेड, एवढ्यावर तो हटला. माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारताने २०१५ साली साधलं. सटवाईच्या वहीतलं एक अख्खं पान कोरं झालं म्हणायचं.

जेवणाचं टोपलं

या फेऱ्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू होतात. पाळी चुकल्याचं आशाताईला बहुतेक वेळा सासूच्या आधी कळतं. मग पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी, माता-बाल संरक्षण कार्ड, चार तपासण्या, लोहाच्या गोळ्या. दवाखान्यात बाईला विचारलं, "काय खाता?", तर ती सांगते, "सगळंच." घरी गेलं की भाकरीचं टोपलं दिसतं. त्यात शेवटी काय उरतं आणि कुणासाठी उरतं, तेही दिसतं. लोहाच्या गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच पडलेली दिसते. गोळ्यांनी काळी शौचास होते म्हणून घाबरून सोडल्या, हे सून कुजबुजत सांगते, तेही घरीच. अशा वेळी आशाताई सुनेपेक्षा सासूशीच जास्त बोलते, कारण टोपल्याचा कारभार सासूकडे असतो. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. त्या ताटापर्यंत तिला चालत न्यायचं कामही घरभेटीचंच.

शेवटच्या महिन्यात प्रश्न बदलतात. रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कुणाची? सोबत कोण? थोरल्या लेकराला कोण सांभाळेल? वरवर या गप्पा वाटतात. पण कळा सुरू झाल्यावर ज्या घरात या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, तिथे तास-दोन तास वाचतात, आणि रक्तस्राव सुरू झालेल्या बाईसाठी तेवढेच तास महत्त्वाचे असतात.

पोड, तांडा, धुरा

यवतमाळ म्हणजे सोळा तालुके. २०११ च्या जनगणनेत पावणे अठ्ठावीस लाखांच्या आसपास माणसं. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत कोलामांची पोडं आहेत. गावापासून थोडी दूर वसलेली ही वस्ती, तिला पोडच म्हणतात. पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे. बोली वऱ्हाडी, तांड्यावर गोरबोली, पोडात कोलामी. आणि कोलामी ही तेलुगू-गोंडीच्या द्रविड कुळातली भाषा. "दूध पेते का बराबर?" हा चार शब्दांचा प्रश्न एकाच जिल्ह्यात तीन भाषांत विचारावा लागतो. म्हणूनच आशा बाहेरून पाठवत नाहीत, वस्तीतूनच निवडतात. निवडीच्या नियमात एक बारीक शहाणपण आहे. ती शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, त्याच गावात राहणारी असावी. गावची लेक उद्या सासरी जाईल, सून राहील. बाळाचं आधीचं रडणं ज्या माणसाच्या कानात साठवायचं, ते माणूस गाव सोडून जाऊन चालणार नाही.

पण एक रीत या साखळीला आडवी येते, पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची. नऊ महिने जिने कार्ड भरलं ती आशाताई सासरच्या गावात. बाळ जन्मलं ते दुसऱ्याच तालुक्यात. माहेरची आशाताई फेऱ्या सुरू करते, आणि सव्वा महिन्याने माय-लेकरू परत निघतात. अशा वेळी दोन गावांतल्या दोन आशाताईंनी एकमेकींना केलेला फोन औषधाइतकाच मोलाचा ठरतो. हंगामी कामासाठी घर सोडणाऱ्या कुटुंबांचं तर बिऱ्हाडच पाठीवर असतं. आणि दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला, की वेचणी थांबत नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीला झोळी टांगून ओली बाळंतीण तासाला उतरते. फेरीच्या दिवशी घराला कुलूप असेल, तर आशाताईला धुऱ्यावर जावं लागतं.

ज्या जिल्ह्याच्या पाचवीला नापिकी आणि कर्ज पुजलेलं आहे, तिथे घरात शिरलेल्या बाईला बाळाखेरीजही पुष्कळ दिसतं. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' आणला, तेव्हा मनाने खचलेल्या माणसाला हेरायचं कामही आशांवर आलं. त्यांना दार उघडं होतं; सहा वेळा बाळासाठी आलेल्या बाईला सातव्यांदा कुणी "काय काम?" असं विचारत नाही.

मँचेस्टर, एलमायरा, किंग्स्टन

घरी जाऊन पाहण्याची ही गोष्ट जग निरनिराळ्या वाटांनी शिकलं. १८६२ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर-सॅलफर्ड इथे कामगारवर्गातल्या बायकांना पगार देऊन घरोघरी पाठवायला सुरुवात झाली. त्यातूनच तिथली आजची 'हेल्थ व्हिजिटर' उभी राहिली. १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एलमायरा शहरात डेव्हिड ओल्ड्स यांनी पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवल्या, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी निम्म्याच्या आसपास होत्या. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८०च्या दशकात खुरटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींच्या घरी दर आठवड्याला एक आरोग्यसेविका जायची, आणि बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवायची. खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी ती मुलं कमावती झाली, तेव्हा त्यांची कमाई भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा पंचवीस टक्के जास्त निघाली. दोन वर्षांचा खेळ वीस वर्षांनी पगारात उतरला.

भारतानेही २०१८ पासून फेऱ्या लांबवल्या आहेत. तिसरा, सहावा, नववा, बारावा आणि पंधरावा महिना. विषय वरचं अन्न, वाढ, हात धुणं आणि खेळ.

बेचाळीस रुपये

२०११ च्या नियमांनुसार नवजाताच्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून आशाताईला २५० रुपये. सहा फेऱ्या धरल्या तर एकीला बेचाळीससुद्धा पडत नाहीत. तेही जन्माची नोंदणी, वजनाची नोंद आणि लसी झाल्या असतील, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप असतील तरच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मानधनासाठी संपावर गेल्या. आणि फेरीची ताकद तिच्या पुढच्या टप्प्यावर ठरते. आशाताईने धोका ओळखला, पण गाडी आली नाही किंवा आरोग्य केंद्रात डॉक्टर नसले, तर तिच्या हातात भरलेला कागद तेवढा उरतो.

तरीही २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ११ होते, देशात २०. या घटीत रस्ते, शिक्षण, दवाखान्यातली बाळंतपणं, नवजात अतिदक्षता कक्ष या सगळ्यांचा वाटा आहे. काट्यावर सहा वेळा तोललेल्या झोळ्यांचाही आहे.

सातव्या दिवसाची फेरी. पाचवी होऊन गेलेली. भिंतीवर हळदीकुंकवाची बोटं अजून ओली वाटतात, पाट कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. आशाताई हात धुते, बाजेजवळ टेकते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. तिसऱ्या दिवशी बाळंतीण नुसतं "हो" म्हणाली होती. या वेळी ती बाळाकडे बघते, क्षणभर थांबते.

"पेते, पण परवावानी नाही पेत."

आशाताई कागदावरच्या सातव्या दिवसाच्या रकान्यात खूण करते, बाळाच्या तळपायाला हात लावून पाहते, आणि १०२ ला फोन लावते.